सुरुवात उसाच्या घाण्यापासून करा: हैतीचं बंड मुलांना कसं सांगावं

नववीला फ्रेंच राज्यक्रांती संपली की मी चार तास बाजूला काढते. ते चार तास हैतीचे, म्हणजे तिथल्या गुलामांनी फ्रेंच मालकांविरुद्ध केलेल्या बंडाचे. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात अकरा वर्षं हे करते आहे. पहिली तीन वर्षं बरंच चुकलं, मग हात बसला. आजूबाजूच्या गावांतले शिक्षक, वाचनालयात सुट्टीचे वर्ग घेणारी मुलं विचारतात, बाई, एवढी लांबची गोष्ट आपल्या पोरांच्या गळी कशी उतरवता? म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मनाशी एक पक्कं करा, की गोष्ट कोणाची सांगायची. पॅरिसपासून सुरू केलीत तर ती पॅरिसची होते: तिकडे समता-बंधुता जन्माला आली आणि तिचा प्रकाश एका बेटावर पडला. मी पहिल्या वर्षी तशीच सांगितली. परीक्षेत निम्म्या वर्गानं लिहिलं, "फ्रान्सने हैतीच्या गुलामांना स्वातंत्र्य दिले." पेपर तपासताना माझ्या पोटात कालवलं. जी माणसं बारा वर्षं लढली, त्यांना मी माझ्या तोंडानं दान घेणारी करून टाकलं होतं. तेव्हापासून मी पॅरिसला शेवटी जाते. सुरुवात गुऱ्हाळापासून.

पहिला तास शाळेबाहेर

डिसेंबरात गुऱ्हाळं चालू असतात. जवळ असेल तिथं मुलांना चालवत न्या. गुऱ्हाळवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा. आमचे काका नेहमी ओरडतात, "पोरींनो, ओढण्या कमरेला खोचा, लांब उभारा." हे वाक्य मुलांच्या कानावर पडू द्या. ते तुम्हाला पुढं लागणार आहे.

मुलांना दोनच गोष्टी नीट बघायला लावा. पहिली घाणा. रोलरच्या फटीत ऊस सरकतो, क्षणात चिपाड होऊन पलीकडे पडतो. सारणाऱ्याचे हात बघा म्हणावं, ते कुठवर जातात आणि कुठं थांबतात. दुसरी काहील. गुळव्या रसावरची मळी काढतो, वाफ तोंडावर घेत. खाली चुलवाणात चिपाडं ढकलणारा माणूस घामानं निथळत असतो. पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही.

मग तिथंच, काकवीचा वास येत असताना, सांगा. अडीचशे वर्षांपूर्वी कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाच्या पश्चिम भागात असेच घाणे फिरत होते. फ्रेंचांच्या ताब्यातल्या त्या मुलखाला सां-दोमिंग म्हणायचे, तेच आजचं हैती. आकार आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या साधारण दुप्पट. पण युरोपात खपणाऱ्या साखरेतली सुमारे चाळीस टक्के आणि कॉफीतली निम्म्याहून जास्त तेवढ्या तुकड्यातून जायची. घाण्यात ऊस सारायला बहुतेक वेळा बायका असत. तोडलेला ऊस लगेच गाळावा लागतो, नाहीतर रस आंबतो, हे आपल्या मुलांना शिकवावं लागत नाही. त्यामुळे हंगामात घाणा रात्रंदिवस चालायचा. झोपेनं डुलकी लागली की हात आत. म्हणून घाण्याशेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे, हात तोडून बाई वाचवायला.

इथं थांबा. दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "बाई, मग ती झोपायची कवा?"

तुम्ही उत्तर देऊ नका. हा प्रश्न वर्गात घेऊन परत या.

एक काळजी मात्र घ्यायची. आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेली मुलं हंगामात वर्गात बसतात. "म्हणजे आमच्यासारखंच" असं त्यांतलं एखादं म्हणतं. त्याला गप्प करू नका, पण फरक स्पष्ट सांगा. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेला माणूस कितीही नाडला गेला तरी तो कोणाची मालमत्ता नसतो. तिथं मळ्याच्या वहीत बैल, खेचरं आणि माणसं यांची किंमत एकाखाली एक लिहिलेली असे. आईच्या पोटातून मूल बाहेर आलं की तेही मालकाचंच. फ्रान्सच्या राजानं १६८५ साली त्याचा कायदाच केला होता. त्यात पळून गेलेल्याला पहिल्या वेळी कान कापून डाग द्यायचा, दुसऱ्या वेळी पायाची शीर तोडायची, तिसऱ्या वेळी जीव घ्यायचा, असं लिहिलेलं होतं. "पळून का गेले नाहीत?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. उरलेलं अर्धं असं, की पळून जाणारे होतेच, डोंगरात वस्त्या करून राहत होते.

चिंचोके आणि दोरी

दुसऱ्या तासाला चाळीस चिंचोके न्या. दोन पूर्ण चुन्यानं रंगवा, दोन अर्धे, बाकी तसेच. १७८९ च्या सुमाराला तिथं सुमारे पाच लाख गुलाम, तीस हजारांच्या आसपास गोरे आणि जवळपास तितकेच मिश्र वंशाचे किंवा काळे पण स्वतंत्र लोक होते. त्या प्रमाणात चाळिसातले छत्तीस चिंचोके गुलामांचे होतात. रंगवलेले दोन टेबलावर वेगळे ठेवले की मागच्या बाकावरची पोरंही उठून बघायला येतात. अर्धे रंगवलेले दोन कुठं ठेवायचे यावर वाद होतो, तो होऊ द्या. त्यांतल्या काहींकडे स्वतःचे मळे होते, गुलामही होते, आणि गोऱ्यांच्या बरोबरीचा हक्क मात्र नव्हता.

मुलांनाच गुलाम आणि मालक करून नाटक बसवू नका. एकदा बसवलं होतं. मालक झालेल्या पोराला तीन मिनिटांत मजा यायला लागली आणि गुलाम झालेली पोरं आठवडाभर त्याच्याशी बोलली नाहीत. चिंचोके पुरे आहेत.

मग दोरी. वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत बांधायची, वरच्या बाजूला आपल्या मुलखातल्या तारखांच्या चिठ्ठ्या, खाली हैतीच्या. इथं माझा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो जायलाच हवा. १७९१ च्या एप्रिलात परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडचा किल्ला टिपूच्या फौजेकडून घेतला. त्याच वर्षी २२ ऑगस्टच्या रात्री सां-दोमिंगच्या उत्तरेकडच्या सपाटीवर उसाचे मळे पेटले. १७९४ च्या ४ फेब्रुवारीला पॅरिसच्या सभेनं गुलामी रद्द केली, आणि आठच दिवसांनी महादजी शिंदे वानवडीला वारले. १८०३ च्या २३ सप्टेंबरला असईला शिंदे-भोसल्यांची फौज इंग्रजांपुढं हरली. त्यानंतर बरोब्बर आठ आठवड्यांनी, १८ नोव्हेंबरला, व्हर्तिएर नावाच्या ठिकाणी कालपर्यंतच्या गुलामांनी नेपोलियनच्या फौजेला हरवलं.

ही शेवटची जोडी लावल्यावर वर्ग गप्प होतो. मागे एका मुलानं विचारलं, "बाई, आपल्याकडं तोफा हुत्या, घोडी हुती, कवायती पलटणी हुत्या. त्येंच्याकडं काय हुतं?" नंदगडच्या पोरांचा प्रश्न वेगळा असतो. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ च्या जानेवारीत त्यांच्याच गावात फाशी दिलं, त्याची समाधी ती रोज बघतात. ती विचारतात, "रायण्णा हरला आणि हे कसे जिंकले?"

तिसरा तास: बंड

नावं आधी फळ्यावर लिहा आणि वर्गाकडून दोनदा म्हणवून घ्या: बुकमाँ, तूसाँ लूव्हेर्त्यूर, देसालिन. नाव तोंडात बसलं नाही तर माणूस मनात बसत नाही.

बंड अचानक भडकलं असं सांगू नका. ऑगस्टच्या मध्याला वेगवेगळ्या मळ्यांतले लोक गुपचूप जमले होते. त्यांत बरेच जण मळ्यावरचे मुकादम आणि बग्गी हाकणारे होते. का, ते मुलांना विचारा. आमच्या पोरांना पटकन सुचतं: मुकादमाला टोळीतलं माणूस न् माणूस ठाऊक असतं आणि गाडीवाला गावोगाव फिरतो. बुकमाँ त्या रात्रीचा पुढारी. जंगलात प्रार्थना झाली, शपथा झाल्या, आणि आठवड्याभरानं आग. काही आठवड्यांत शेकडो मळे राख झाले. बुकमाँ नोव्हेंबरातच मारला गेला, पण बंड थांबलं नाही.

मग कायद्याच्या चिठ्ठ्या गोंधळून टाका आणि मुलांना क्रमानं लावू द्या. १७८९: पॅरिसमध्ये माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा, गुलाम मात्र गुलामच. १७९१: बंड. ऑगस्ट १७९३: बेटावरच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं उत्तरेत गुलामी रद्द केली, कारण स्पेन आणि इंग्लंड अंगावर आले होते आणि बंडवाल्यांशिवाय बेट राखणं शक्य नव्हतं. फेब्रुवारी १७९४: पॅरिसनं तेच सगळ्या वसाहतींना लागू केलं. चिठ्ठ्या लावून झाल्या की एकच विचारा: कायदा आधी की बंड आधी? "फ्रान्सने स्वातंत्र्य दिले" हे वाक्य त्यानंतर माझ्या एकाही पेपरात आलेलं नाही.

तूसाँला वेळ द्या. तो मळ्यावर गुलाम म्हणून जन्मला, बग्गी हाकायचा, जनावरांची औषधं जाणायचा, लिहायला-वाचायला शिकला. आधी स्पेनच्या बाजूनं लढला, १७९४ मध्ये फ्रान्सकडे आला, १७९८ मध्ये इंग्रजांना बेट सोडायला लावलं, १८०१ मध्ये स्वतःची राज्यघटना जाहीर केली. नेपोलियननं आपल्या मेहुण्याला, लक्लेर्कला, मोठी फौज देऊन धाडलं. जून १८०२ मध्ये तूसाँला बोलणी करायला म्हणून बोलावून पकडलं आणि फ्रान्सच्या थंड डोंगरातल्या किल्ल्यात डांबलं. ७ एप्रिल १८०३ ला तो तिथंच गेला. जहाजावर चढवताना तो म्हणाला असं सांगतात, की तुम्ही स्वातंत्र्याच्या झाडाचं फक्त खोड तोडलंत, मुळं पुष्कळ आहेत आणि खोल आहेत, ते पुन्हा फुटणार.

हे वाक्य मी पहिल्यांदा वर्गात म्हटलं तेव्हा कल्लोळीची एक मुलगी पटकन बोलून गेली, "म्हंजे खोडवा." सगळ्या वर्गाला कळलं. ऊस तोडला, बुडखा जमिनीत राहिला, पाणी पाजलं की कोंब. इतक्या वर्षांत मला त्याहून चांगला शब्द सुचलेला नाही, आणि आता तोच शब्द मी फळ्यावर लिहिते. झालंही तसंच. ग्वादलूप बेटावर फ्रेंचांनी गुलामी परत आणल्याची बातमी आली आणि पुढारी नसताना गावंच्या गावं उठली. मग तूसाँच्या हाताखालचा सेनापती देसालिन यानं सूत्रं हातात घेतली.

पिवळ्या तापानं फ्रेंच फौज गारद झाली, लक्लेर्कही त्यातच मेला, हे सांगायलाच हवं. पण डासांनी लढाई जिंकली असं होऊ देऊ नका. पावसाळा लागेपर्यंत झुंजवत ठेवायचं, गोऱ्या फौजेला तो झेपणार नाही, हे तूसाँनं आधीच हेरून ठेवलं होतं. रायण्णाच्या प्रश्नाचं उत्तर इथं देता येतं: छत्तीस चिंचोके एका बाजूला, मालकांत आपसांत फूट, तीन राजसत्ता एकमेकींच्या उरावर, आफ्रिकेत युद्धं लढून आलेली माणसं रांगेत, आणि परत घाण्यावर जाण्यापेक्षा मरण बरं हा निश्चय. रायण्णाकडे यातलं शेवटचं होतं, पहिली नव्हती.

जे सांगायला जड जातं

दोन गोष्टी लपवू नका. तूसाँनं साखर पुन्हा पिकावी म्हणून मोकळ्या झालेल्यांना सक्तीनं त्याच मळ्यांवर जुंपलं, आणि विरोध करणाऱ्या स्वतःच्या पुतण्याला, मोईझला, गोळ्या घालायला लावल्या. लोकांना मजुरी नको होती, स्वतःचं रान हवं होतं. ज्यांच्या घरी दीड एकर आहे त्या मुलांना हे सांगावं लागत नाही. दुसरी गोष्ट, स्वातंत्र्यानंतर १८०४ मध्ये देसालिनच्या हुकुमानं तिथं उरलेल्या हजारो फ्रेंचांना मारलं, बायका-मुलांसकट. त्याआधी फ्रेंच सेनापतींनी कैद्यांना समुद्रात बुडवलं होतं, माणसांवर सोडायला क्यूबाहून कुत्रे आणले होते. दोन्ही गोष्टी ज्या क्रमानं घडल्या त्या क्रमानं सांगा. एकीनं दुसरी पुसायला जाऊ नका. मुलं अस्वस्थ होतात, होऊ द्या. त्या दिवशी मी गृहपाठ देत नाही.

चौथा तास: हिशेब

१ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र झाला, बेटाच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं 'हैती' हे नाव त्यानं घेतलं आणि गोष्ट संपली, असं बहुतेक जण सांगतात. माझ्या मते खरी गोष्ट इथून लागते. फळ्यावर गणित मांडा.

बेट हातचं जाणार असं दिसलं तेव्हा नेपोलियनचं अमेरिकेत राज्य थाटायचं मन उडालं आणि १८०३ मध्ये त्यानं लुइझियानाचा अफाट मुलूख अमेरिकेला दीड कोटी डॉलरला, म्हणजे आठ कोटी फ्रँकला विकला. तो मुलूख हैतीच्या पंचाहत्तर पटींहून जास्त. आता दुसरा आकडा. कित्तूरला राणी चन्नम्माच्या माणसांनी कंपनीच्या कलेक्टरला पाडलं ते १८२४ च्या ऑक्टोबरात. पुढच्याच वर्षी, जुलैत, फ्रान्सच्या राजाची चौदा लढाऊ जहाजं हैतीच्या बंदरासमोर उभी राहिली. मागणी पंधरा कोटी फ्रँकची. कशाची? मालकांच्या बुडालेल्या मालमत्तेची भरपाई. त्या मालमत्तेत माणसंही आली. ज्यांना विकत घेतलं होतं, त्यांनीच आपली किंमत भरायची.

हैतीकडे पैसे नव्हते. पहिल्या हप्त्यासाठी पॅरिसच्याच सावकारांकडून तीन कोटींचं कर्ज काढावं लागलं. हातात पडले दोन कोटी चाळीस लाख, बाकी सावकारांनी आधीच कापून घेतले. इथं टोळीतल्या पोरांचे चेहरे बघा. मुकादमानं उचलीतून आधीच कापून घेणं त्यांना कोणी समजावावं लागत नाही. पुढं ही रक्कम नऊ कोटींवर आली, पण तिच्यापायी काढलेल्या कर्जाचं शेपूट १९४७ पर्यंत फिटलं नाही. साल मुलांनाच वाचू द्या.

बाकीचे धागे मी भरभर सांगते. हैतीचा अध्यक्ष पेत्याँ यानं दक्षिण अमेरिकेत स्पेनविरुद्ध लढणाऱ्या बोलिव्हारला माणसं आणि हत्यारं दिली, अट एकच, जिथं जिंकशील तिथले गुलाम सोड. अमेरिकेतल्या मालकांना धडकी भरली, त्यांच्या देशानं हैतीला मान्यता दिली ती १८६२ मध्ये. साखरेची बाजारपेठ क्यूबानं उचलली आणि तिथं गुलाम वाढले, हेही सांगा. आणि सां-दोमिंगची नीळ थांबली तेव्हा तिची मागणी बंगालकडे वळली. तिथल्या रयतेच्या नशिबी निळीचे मळे आले, त्यात या बंडाचा पडसाद होता.

'गुलामगिरी' हा शब्द आपल्या मुलांच्या कानावर जोतीरावांमुळे असतो. १८७३ चं ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. अर्पणपत्रिका मी वर्गात वाचून दाखवते.

सिद्दी मुलं आणि निशाण

आमच्या तालुक्याच्या जंगलपट्ट्यात सिद्दी वस्त्या आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, बरेच पोर्तुगीजांच्या गोव्यातून घाट चढून पळून आलेले. दुसऱ्या वर्षी मी उत्साहाच्या भरात वर्गातल्या एका सिद्दी मुलीकडे हात करून म्हटलं, "हिच्या पूर्वजांसारखे लोक." तिनं मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर काढली नाही. तो हात मला अजून सलतो. कोणत्याही मुलाला इतिहासाचा नमुना करून उभं करू नका.

आता मी वेगळं करते. हैतीचं निशाण शिवताना फ्रेंच झेंड्यातला मधला पांढरा पट्टा फाडून काढला आणि निळा-तांबडा जोडून शिवला, असं तिथं सांगतात. शिवणारी कातरीन फ्लों. आम्ही वर्गात जुन्या साडीचे दोन तुकडे घेऊन ते शिवतो. त्या वर्षी त्याच मुलीची आई शाळेत आली होती. तिच्या हाताखाली कवंदी शिवतात, आपल्या वाकळेसारखी, तुकड्यांवर तुकडे. तिनं आमचं निशाण हातात घेतलं, टाके बघितले, उसवले, आणि कडेनं आत फिरत जाणाऱ्या टाक्यानं पुन्हा घातले. शेवटी चार कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची चार फुलं लावली. फुलांशिवाय कवंदी उघडी दिसते, म्हणाली. मुलगी शेजारी उभी राहून सुई ओवून देत होती. ते निशाण अजून वर्गात आहे.

१ जानेवारीचं सूप

हैतीत स्वातंत्र्यदिनाला घरोघरी लाल भोपळ्याचं सूप करतात. गुलामीत ते रांधायचं गुलामांनी आणि प्यायचं मालकांनी. म्हणून स्वतंत्र झाल्यावर पहिल्या दिवशी तेच. २०२१ मध्ये युनेस्कोनं त्याची वारशात नोंद केली. १ जानेवारीला आमच्या काही मुलांच्या घरचे भीमा कोरेगावला गेलेले असतात, पण शाळा चालू असते.

तिथं त्यात मांस घालतात, आम्ही घालत नाही. चाळीस मुलांना चार किलोचा भोपळा, दीड किलो बटाटे, गाजर, कोबी, कांदे, लसूण, दोन-चार हिरव्या मिरच्या अख्ख्या, आणि शेवटी मूठभर शेवया. भोपळा आधी सालीसकट उकडा, मग गर घोटा, सोलत बसलात तर तास जातो. लिंबू वरून पिळा.

शिजवायला दुपारच्या जेवणाच्या आक्काच मदत करतात. वर्षभर त्या रांधतात, वाढतात, आणि भांड्यात उरेल ते शेवटी खातात. म्हणून आमचा नेम आहे, पहिली वाटी त्यांची. यंदा आक्का ऐकेनात. "पोरास्नी घाला आदी, मी खातो मागनं," म्हणत होत्या. वर्गातल्या दोघींनी त्यांच्या हातातला डाव काढून घेतला आणि पाट मांडून म्हणाल्या, "आक्का, तुम्ही बसा."